टाकीचा कुंभक

वैनगंगेच्या पूर्वतीरावरील आमघाट या गावी मुखरू नावाचा जो ढिवर नावाडी राहतो, त्याच्या साऱ्या आयुष्याचे सार सांगायचे तर ते एवढेच, की त्याने जन्मभर भोके बुजवली. पाणी बाहेर राहील आणि माणसे आत राहतील, एवढ्या एकाच अटीवर नाव चालते. आणि ती अट मोडायला सुईच्या टोकाएवढे छिद्र पुरते. हे ज्ञान मुखरूला बापाच्या हातून, आणि बहुधा त्या हाताच्या चपराकीतूनच लाभले होते. त्यामुळे कुठेही भोक दिसले, की त्याची बोटे आपोआप काथ्या शोधू लागत. घराचा कूड असो, धानाची कोठी असो, की नावेत बसलेल्या परक्या प्रवाशाची छत्री असो, हात लावल्यावाचून त्याला राहवत नसे. इतरांच्या ठायी छिद्रान्वेषण हा दोष मानला जातो. मुखरूच्या ठायी तो कुलधर्म होता.

साहित्याचेही त्याचे शास्त्र ठरलेले होते. फळ्यांच्या सांध्याला काथ्या आणि डांबर, बारीक चिरेला राळ, आणि जिथे काहीच टिकत नाही तिथे लाख. लाखेवर त्याची विशेष श्रद्धा. विळ्याची सैल झालेली मूठ लाख वितळवून बसवली, की तो ती दोन्ही हातांनी ओढून दाखवी आणि म्हणे, "आता ब्रह्मदेवानं ओढली तं बी निंगनार नाई."

नाव लहानच होती. तिला एक शीड होते, आणि ते त्याच्या पत्नीच्या, रंभेच्या, जुन्या लुगड्यांचे शिवलेले होते. वरती हिरवे, मध्ये जांभळे, खाली एक लाल काठाचे, जे नेसून रंभा प्रथम या घरी आली होती. पश्चिमेचा वारा सुटला, म्हणजे ब्रह्मपुरीकडच्या तीरावरून परतताना हे शीड असे काही फुगे, की आमघाटची माणसे लांबूनच म्हणत, "पाह्य, रंभाबाई येऊन राह्यली." रंभा वरकरणी रागावे, परंतु शिडाचा टाका उसवला तर तो दुसऱ्या कोणाला घालू देत नसे.

अशा या सुखी नावेत गेल्या दिवाळीला इंजिन आले.

मुखरूचा मुलगा प्रफुल नागपूरकडे एका कारखान्यात आहे. कुठल्याशा तलावातील नौकाविहार बंद पडला, तेव्हा तिथले लहानसे इंजिन त्याने बापासाठी आणले आणि नावेच्या पाठीला बसवून दिले. सोबत प्लास्टिकची एक लाल टाकी होती. तिच्यातून एक नळी इंजिनात जाई. त्या टाकीच्या झाकणावर एक बारीक छिद्र होते.

"बाबा, या भोकात हवेचा स्क्रू राह्यते," प्रफुलने समजावले. "चालवताना सैल करा लागते, ठेवताना कसा लागते. हा हरवला आहे. मी नवीन झाकन आनून देतो. तवरिक भोक तसंच राहू द्या."

भोक तसेच राहू द्या! मुखरूच्या घराण्यात हे वाक्य कोणी, कोणाला, कधीही म्हटले नव्हते. त्याने मान डोलावली, मुलाला बसवर नेऊन पोहोचवले, बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. आणि तेथून तो तडक डांबराच्या डब्याकडे गेला.

डांबर संध्याकाळपर्यंत पेट्रोलात विरघळून गेले. दुसऱ्या दिवशी त्याने झाकण घरी आणले, चुलीवर लाख वितळवली, आणि ते छिद्र असे बुजवले, की त्यावरून बोट फिरवले तरी भोक कुठे होते ते कळू नये. पेट्रोलाने लाखेचे काही वाकडे केले नाही. मुखरूचा ऊर भरून आला.

तेवढ्यावर तो थांबला नाही. टाकीला ऊन लागू नये, चोराची नजर लागू नये, वास सुटू नये, म्हणून मागच्या फळीखाली त्याने सागवानी पेटी करवली. तिच्या सर्व फटी राळेने भरल्या, झाकणाला कडी लावली आणि पहिल्या दिवशी झाकणावर एक उदबत्ती पेटवून खोचली. रंभा ती पाहून धावत आली आणि तिने ती उदबत्ती उपटून नदीत फेकली.

"रॉकेलच्या बाजूले चूल मांडतेत का कोनी?"

"पूजा आहे ते, रिनाचे माय!" मुखरू लेकीच्या नावाने बायकोला हाक देत म्हणाला.

"पूजा तिकडं, पुढच्या टोकाले करा. इथी नाई."

मुखरूने ऐकले, परंतु मनात म्हटले, बाईमाणसाला यंत्राचे काय कळते.

आता योगशास्त्रात श्वासाच्या तीन क्रिया सांगितल्या आहेत: आत घेणे तो पूरक, बाहेर सोडणे तो रेचक, आणि कोंडून धरणे तो कुंभक. पेट्रोलाच्या टाकीलाही या तिन्ही क्रिया आहेत. इंजिन पेट्रोल ओढते, तितकीच हवा टाकीत यावी लागते. उन्हाने आतली वाफ फुगते, तितकी ती बाहेर जावी लागते. परंतु मुखरूने आपल्या टाकीला अखंड कुंभकच लावून दिला होता. ती बिचारी काही वेळ पेट्रोल देई. मग आत हवेचा असा दुष्काळ पडे, की थेंबही सुटत नसे. इंजिन खोकत, आचके देत थांबे. टाकी रोज घाटावरच काठोकाठ भरली जात असल्यामुळे तिचा दमही रोज सुमारे एकाच ठिकाणी संपे. आणि ते ठिकाण होते नेमके नदीच्या मध्यावरील खोल डोह, जिथे डोहमायचे ठाणे आहे असे दोन्ही तीरांवरील माणसे मानतात.

पहिल्यांदा इंजिन थांबले, तेव्हा मुखरूने हात जोडले. मग काय करावे हे न सुचून त्याने पेटी उघडली, टाकीचे झाकण काढले, आणि पळीभर पेट्रोल डोहाला अर्पण केले. झाकण काढताना आतून "सुस्स" असा दीर्घ निःश्वास आला. पुन्हा झाकण लावून दोरी ओढली, आणि इंजिन सुरू!

ज्या देवतेला नैवेद्य इतका तत्काळ पावतो, तिच्याविषयी शंका कोण घेईल? तेव्हापासून रोज डोहापाशी इंजिन थांबे, रोज पळीभर पेट्रोल अर्पण होई, रोज माय निःश्वास सोडी, आणि रोज नाव पुढे जाई. मासे त्या नैवेद्याविषयी काय म्हणत, हे कोणी विचारले नाही. कधी भर दुपारी उन्हाने पेटी तापून टाकी भोपळ्यासारखी फुगलेली असे, आतल्या दाबाने पेट्रोल आपसूक पुढे ढकलले जाई आणि इंजिन डोहावरून न थांबता निघून जाई. त्याचेही कारण मुखरूजवळ तयार होते. "दुपारची माय निजली राह्यते," तो हलक्या आवाजात सांगे.

झाकण आणायचे प्रफुल विसरला, आणि बापाने त्याला आठवण दिली नाही. फोनवर मुलगा विचारी, "इंजिन कसं चालते, बाबा?" मुखरू म्हणे, "मस्त." देवाधर्माच्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात.

हे सारे असेच चालू राहिले असते. परंतु फाल्गुनात मुखरूच्या मुलीचे, रिनाचे, लग्न जुळले. रिना ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकली. तीन वर्षे ती रोज बापाच्या नावेतून पलीकडे गेली आणि परत आली. मागच्या फळीवर, बापाच्या पायांशी, तिची जागा ठरलेली होती. मुलगा सुनिल पैलतीरावरच्या पिपरगावचा, त्याच कॉलेजातला. दोघांचे एकमेकांवर मन होते, हे रंभेला ठाऊक होते. मुखरूला ते जगात सर्वांत शेवटी कळले.

सुनिलचा बाप लटारू हा शकुन-अपशकुनांचा मोठा जाणकार. बोलणी पक्की करायला तो आमघाटला आला, तोही मोटारसायकलीवर दूरच्या पुलावरून, लांब वळसा घालून. जेवण झाल्यावर सुपारी कातरीत तो म्हणाला, "इवाईबुवा, वरात तुमच्या नावेतून आनू म्हन्ता, आना. पन मी ऐकलो, का तुमची नाव डोहात थांबते."

इवाई म्हणजे व्याही. मुखरूने चमकून विचारले, "कोन सांगतलं जी?"

"सारा घाट सांगते. माहं एक म्हननं आहे. नवरदेव नावेत असताना डोहात नाव थांबली, तं ते लगन मले नाई पायजे. मी पोराले घेऊन वापस जाईन. माह्या स्वतःच्या वरातीत बंडीचं चाक मोडलं होतं. तवापासून माहं एक काम सरकं झालं नाई."

त्याची पत्नी कौतिका शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "माह्यासंगं लगन झालं, ते धरून का ते सोडून?"

लटारूने सुपारीचे खांड तोंडात टाकले.

"वळसा घालून जीपनं आनू ना," रंभा म्हणाली.

परंतु मुखरूच्या नावाडीपणाला ते कसे मानवावे? पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या घराण्याने दुसऱ्यांच्या वराती उतरवल्या, त्याच्याच लेकीची वरात जीपमधून यावी? "थांबनार नाई," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "माही जबान आहे."

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. रिना एका संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, शिडावरच आना ना त्यायले. वारा तं तिकडूनच राह्यते."

"अन् इवाई काय म्हनेल? इंजिन काय शोभेचं आहे?"

"अन् थांबलं तं?"

"तू चिंता नोको करू, बाई. मायले मी मनवतो."

मायला मनवण्याचा त्याचा उपाय असा होता, की कुठे काही उणे राहू द्यायचे नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने टाकीच्या झाकणावर लाखेचा आणखी एक थर चढवला. पेटीच्या झाकणाला आतून रबराची पट्टी लावली. असा जय्यत बंदोबस्त वैनगंगेच्या इतिहासात कोणत्याही टाकीचा झाला नसेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवाच्या मागे मोठ्या चुली पेटल्या. रंभेने तेलाचा नवा पत्र्याचा डबा पुढे ओढला, खिळा आणि दगड घेऊन एका कोपऱ्यात भोक पाडले, आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडले. मग ती हळद आणायला आत गेली. मुखरू तिथून जात होता. एका डब्याला दोन भोके! तेल ओतायला एक लागते हे त्याला मान्य होते. परंतु दुसरे हा निव्वळ निष्काळजीपणा होता. सवयीने त्याने कणकेचा गोळा उचलला, दुसरे भोक नीट बुजवले, वरून अंगठ्याने गुळगुळीत केले आणि समाधानाने पुढे निघून गेला.

रंभेने डबा कढईवर वाकवला. तेल एकदा आले, गुडगुड केले, थांबले. पुन्हा गुडगुड, पुन्हा थांबले. आणि मग एकदम असा भसका आला, की तेल कढईत थोडे आणि चुलीवर पुष्कळ पडले. जाळ भडकला. बाया ओरडत मागे सरल्या. रंभेने डबा उलटून पाहिला, कणकेवरचा अंगठ्याचा ठसा ओळखला, आणि तिचा आवाज मांडव ओलांडून घाटापर्यंत गेला.

"रिनाचे बाबा! हे तुम्ही केलं?"

"भोक होतं तिथी," मुखरू म्हणाला.

"होतं नाई, मी पाडलं होतं! हवा अंदर गेली नाई तं तेल भाईर कसं येईन? चुलीपुढं माह्या भोकाले हात लावला तं पाह्यजा!"

बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मुखरू खाली मान घालून नावेकडे गेला. त्या वाक्यात त्याच्या सहा महिन्यांच्या कोड्याचे उत्तर आले होते. परंतु बायको रागावलेली असताना तिच्या शब्दांचा अर्थ पाहावा, असे कोणत्या नवऱ्याला सुचते?

लग्न गोरज मुहूर्ताचे होते. दिवस कलताना मुखरू, प्रफुल आणि रंभा नाव घेऊन पैलतीरी गेले; ईनबाईंना, म्हणजे विहिणीला, घ्यायला वधूच्या आईने जावे असा दोन्ही घरांचा आग्रह. जाताना डोहापाशी इंजिन थांबले नाही. टाकी दिवसभर तापलेल्या पेटीत फुगली होती. मुखरूने हा शुभशकुन मानला. पिपरगावच्या घाटावर नवरदेव, लटारू, कौतिका आणि दोन-चार वडीलधारी मंडळी नावेत बसली. बाकीचे वऱ्हाड पुलावरून वळसा घालून जीपांनी केव्हाच निघाले होते. निघण्यापूर्वी मुखरूने टाकी पुन्हा काठोकाठ भरली. ती काठावर उतरवून भरावी, हे त्या घाईत त्याला सुचले नाही; नावेतच, पेटीतल्या पेटीत, भरली. लक्ष सारे व्याह्याच्या चेहऱ्याकडे. पेट्रोल उतू गेले आणि पेटीच्या तळाशी साचले. मुखरूने झाकण दाबून बंद केले, कडी लावली, आणि दोरी ओढली.

नाव निघाली. वारा मागून येत होता. मागच्या फळीवर रंभा आणि कौतिका शेजारी शेजारी बसल्या. कौतिकेच्या मांडीवर ओवाळणीचे ताट होते. लटारू पुढे बसून पाण्याकडे असा पाहत होता, जणू नदीने अपशकुन करायची तो वाटच पाहत होता.

डोह जवळ आला. इंजिन एकदा खोकले.

"काय झालं?" लटारूने मान वळवली.

"काई नाई जी," मुखरू म्हणाला, आणि त्याच क्षणी इंजिन दोन आचके देऊन गप्प झाले.

 नाव आपल्याच वेगाने थोडी सरकत होती, पण तो वेग ओसरत होता. मुखरूच्या डोळ्यांपुढे मांडवात हळद लावून बसलेली रिना उभी राहिली. त्याने पेटीची कडी काढली. इकडे कौतिका कळवळून म्हणाली, "मायचं काई राह्यलं असन! थांबा, मी कापूर लावतो." तिने ताटातली कापराची वडी पुढे केली आणि काडेपेटी उघडली.

मुखरूने पेटीचे झाकण उचलले. पेट्रोलाचा असा उग्र दर्प उसळला, की डोळ्यांतून पाणी आले.

रंभेने एकाच हिसक्यात कौतिकेच्या हातातली काडेपेटी घेतली आणि नदीत भिरकावली.

"ईनबाई!" लटारू उठून उभा राहिला. नाव डगमगली. "हे काय केलं?"

"खाली बसा, इवाईभाऊ! अगुदर वास घ्या. आता एक काडी वढली असती, तं पोराची वरात अन् तुमची राख एकाच नावेतून गेली असती!"

प्रफुल पुढून ओरडला, "आई बरोबर आहे! पेट्रोलची वाफ हवेपक्षा जड राह्यते, तळाले जाऊन बसते. बाबा, पेटी अशी बंद ठेवता?"

"मंग? वास सुटत होता ना!"

"वास सुटाच लागते, बाबा!"

"वास राहू द्या," लटारू म्हणाला.  "नाव थांबली. बोललो होतो मी."

तेव्हा रंभेने जे केले, त्याची कथा आजही दोन्ही घाटांवर सांगितली जाते. ती म्हणाली, "कोन म्हन्ते थांबली? प्रफुल, सोड!" प्रफुलने शिडाची दोरी सोडली. हिरवे, जांभळे आणि लाल काठाचे ते शीड फडफडत उलगडले, वाऱ्याने भरले, आणि नाव जी अगदी थांबायच्या बेतात होती, ती थांबायच्या आधीच पुढे निघाली.

"पाह्यजा नीट," रंभा म्हणाली. "चालून राह्यली का नाई?"

लटारूने पाण्याकडे पाहिले, काठाकडे पाहिले, पुन्हा पाण्याकडे पाहिले. कौतिका म्हणाली, "चालून राह्यली जी. तुमची बंडी थांबली होती, ते आम्ही खाली उतरून ढकलली. हे तं आपल्यानंच चालते." नवरदेव सुनिल हळूच म्हणाला, "बाबा, चालून राह्यली ना." लटारू खाली बसला.

पेटी उघडी होती. वारा तिच्यातला दर्प उडवून नेत होता. मुखरू टाकीकडे पाहत बसला होता. ती दोन्ही बाजूंनी आत खचली होती, कोणी गालफडे आत ओढून धरावीत तशी.

"सकारचा डब्बा आठवा," रंभा त्याच्या कानाशी म्हणाली.

मुखरूला डबा आठवला. कणीक आठवली, अंगठा आठवला, गुडगुड आठवली. मग हिवाळ्यापासूनचे सारे नैवेद्य एकामागून एक आठवले, आणि प्रत्येक नैवेद्याआधीचा तो निःश्वासही. त्याचा चेहरा लाखेसारखा लाल झाला.

"म्हंजे माय..." तो पुटपुटला.

"मायनं काई केलं नाई. माय रोज पाहून राह्यली असन, का हा मानूस झाकनाची लाख कवा काढते." तिने आपल्या अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

ज्या हाताने जन्मभर भोके बुजवली, त्याच हाताने मुखरूने त्या दिवशी एक भोक उघडले. लाख घट्ट होती. ब्रह्मदेवाला निघणार नाही अशीच होती. घाम येईपर्यंत खरवडली, तेव्हा शेवटचा कपचा उडाला आणि टाकीने जो दीर्घ श्वास आत घेतला, तो नावेतल्या सर्वांनी ऐकला. तिचे खचलेले गाल "पट्ट" असा आवाज करून भरून आले.

कौतिकेने हात जोडले. "माय पावली," ती म्हणाली.

 विहीण हात जोडत असताना तिला समजावून सांगू नये, इतका व्यवहार रंभेला कळत होता.

प्रफुलने इंजिन सुरू करू दिले नाही. पेटीतले पेट्रोल पुसून, तळ वाऱ्याला लावून, मगच त्याला हात लावायचा, असे तो म्हणाला. म्हणून वरात शिडावरच आमघाटला आली. घाटावरची माणसे नेहमीप्रमाणे ओरडली, "रंभाबाई येऊन राह्यली!" आणि त्या दिवशी प्रथमच रंभा रागावली नाही. मुहूर्त साधला. मंगलाष्टके झाली. लटारूने दोनदा बुंदी मागून घेतली, हा तर त्याच्याकडचा मोठाच शुभशकुन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी होती. तत्पूर्वी पहाट फुटताच मुखरू घाटावर गेला. सागवानी पेटी त्याने उचकटून काढली. ती अजूनही घाटावर उपडी पडलेली आहे, आणि नावेची वाट पाहणारी माणसे तिच्यावर बसतात. टाकी त्याने काठावर उतरवून भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काठोकाठ भरली नाही. वर चार बोटे जागा ठेवली, श्वासासाठी. मग ती मागे उघड्या हवेत दोरीने बांधली, वर ऊन लागू नये म्हणून चटईचे छप्पर केले, चारी बाजू मोकळ्या सोडल्या. प्रफुलने एक बारीक वाकडी नळी आणली होती. ती छिद्रात बसवून तिचे तोंड नावेबाहेर, खाली वळवून ठेवले, म्हणजे वाफ बाहेर जावी आणि पाऊस आत न यावा. नवे झाकण पुढच्या सुटीत येणार होते. मुखरूने त्या नळीच्या टोकाला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याच्या बोटांना अजूनही काथ्याची आठवण होत होती. त्याने ती बोटे मुठीत मिटून ठेवली.

पाठवणीची नाव निघाली. वारा पडलेला होता, म्हणून इंजिनच लावले. व्याही-विहीण पुढे बसले, सुनिल मध्ये. आणि रिना नव्या शालूसह सवयीने मागच्या फळीवर, बापाच्या पायांशी येऊन बसली. रंभा तिच्यामागे. इंजिन एकसुरात, न खोकता चालत होते. असे ते पूर्वी कधीच चालले नव्हते.

मुखरू समोर पाहत होता. डोह जवळ येत होता. रोज तिथे नाव थांबे, पेटी उघडे, पळीभर नैवेद्य होई, आणि तेवढ्या वेळात कॉलेजला निघालेली रिना बापाला कालच्या गोष्टी सांगे. दिवाळीनंतरच्या त्या साऱ्या सकाळी तिथेच गेल्या होत्या. आज डोह आला, आणि इंजिन थांबण्याचे नाव घेईना. नळीतून श्वास येत होता, जात होता. पैलतीर भराभर मोठा होत होता. घाटावरचे जांभळाचे झाड दिसू लागले, मग त्याखाली उभी असलेली माणसे दिसू लागली.

मुखरूने हात पुढे केला आणि इंजिन बंद केले.

नाव डोहावर संथ झाली. लटारू दचकून वळला. "इवाईबुवा! थांबली का?"

"थांबली नाई जी," मुखरू म्हणाला. "थांबवलो."

"काऊन?"

मुखरूने फळीखालून नारळ काढला. "मायले पेट्रोल पाजलो ना इतके दिवस. तोंड गोड करून द्या लागन."

त्याने नारळ नावेच्या काठावर फोडला आणि पाणी डोहात सोडले. रिना बापाकडे पाहत होती.  तिने पदर सावरला आणि नेहमीसारखी सांगायला सुरुवात केली, की काल मांडवात प्रफुलभाऊंनी बुंदीच्या झाऱ्यावर बोट ठेवून विचारले, बाबांना हा दिसला तर किती भोके बुजवतील.

मुखरू हसला. हसताना त्याचे डोळे भरले, आणि ते त्याने पुसले नाहीत.

"पुरे का आता?" थोड्या वेळाने रंभेने मागून विचारले. "का भोक पुन्हा बुजवलं?"

"आनखीन थोडं," मुखरू म्हणाला. "इंजिन दम घेऊन राह्यलं."